टाकला नव्हता, ठेवला होता

आमच्या पनवेलजवळच्या सुकापूरच्या घरात वायरने भिंतीला जखडलेला एक टेलिफोन आहे. घरी येणारा माणूस आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि आम्हा दोघांचं वय मनातल्या मनात जुळवून गप्प बसतो. इंटरनेट जोडायला आलेला माणूस गप्प बसला नाही. तो म्हणाला, "काका, हा म्युझियमला देऊन टाका."

समुद्रावरच्या नोकरीबद्दल लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी कागद घेऊन दोनतीनदा बसलो आणि दोनतीनदा उठलो. हे एका जागी बसत नाहीत, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. बढत्या, बदल्या आणि निरोप समारंभातली शाल यांत कोणाला रस असणार? त्यापेक्षा या फोनबद्दलच लिहितो. नोकरी त्यातच येऊन जाईल.

नोकरी काय होती हे सांगणं मात्र कायम अवघड गेलंय. "जहाजावर होतो" म्हटलं की लोकांना परदेशी साबण आठवतात. "समुद्राच्या तळाखालचे खडक तपासायचो" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तेल लागलं का?" आम्ही तेल शोधतच नव्हतो असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. आमच्या सोसायटीचे चेअरमन गुप्ते तर एका संध्याकाळी हक्काने दार वाजवून आले. "तुम्ही समुद्राखालचं सांगत होता. इथं पार्किंगमध्ये बोअरला पाणी कुठं लागेल, एवढं सांगा की." मी म्हटलं, आमचं काम बेटांच्या मुळाशी, काही किलोमीटर खाली चालायचं. ते म्हणाले, "म्हणजे ज्वालामुखी असला तरच तुम्हाला कळतं?" मी हो म्हटलं. मग त्यांनी तळहातावर नारळ उभा करून पाणी सांगणारा एक माणूस आणला. बोअर कोरडी गेली. ठपका माझ्यावर आला. सोसायटीत तज्ज्ञ असून उपयोग झाला नाही म्हणे.

तर काम असं. पृथ्वीचं कवच एकसंध नाही. काही ठिकाणी समुद्राचा तळच शेजारच्या तुकड्याखाली सरकत जातो. खाली जाताना त्याच्यातलं पाणी वरच्या खडकात शिरतं, तो तापलेला खडक वितळतो, वर येतो आणि समुद्रात ज्वालामुखींची एक रांग उभी राहते. नकाशावर ती धनुष्यासारखी वाकलेली दिसते. आपल्या अंदमानच्या पूर्वेला अशी रांग आहे. तिच्यातलं एक बेट अजून धूर सोडतं. बरेचसे डोंगर पाण्याखालीच आहेत, त्यांना नावंही धड नाहीत. या डोंगरांच्या खाली कवच किती जाड आहे, कोणत्या खडकाचं आहे, वितळलेला रस कुठे साठतो, हे कळलं तर जमीन मुळात तयार कशी होते हे कळतं. प्रश्न इतका मोठा आहे. एवढ्या खोल भोक पाडणं कोणाच्या बापाला शक्य नाही. म्हणून ऐकायचं.

मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो, तसंच हे. जहाजाच्या मागे पाण्यात हवेच्या तोफा ओढत न्यायच्या. दारूगोळा नाही, नुसती दाबलेली हवा. ती सुटली की धप्प असा आवाज होतो, तो तळात शिरतो, खडकाखडकातून वळत वळत परत वर येतो. कठीण खडकातून लवकर येतो, मऊतून रमतगमत येतो. तो ऐकायला तळावर आम्ही आधीच यंत्रं बसवून ठेवलेली असायची. जाड काचेचा हंड्याएवढा गोळा, वर पिवळी प्लास्टिकची टोपी, पोटात जमिनीची थरथर टिपणारा कान, बॅटरी आणि घड्याळ. खाली लोखंडी वजन. काम झालं की वरून ठरलेली शीळ घालायची. गोळा शिळेनेच ओ देतो, वजनाची तार तोडून घेतो आणि तरंगत वर येतो. हे गोळे माझ्या ताब्यात असायचे.

आमच्या धंद्यात खोली मीटरात कोणी सांगत नाही, सेकंदांत सांगतात. आवाजाला खाली जाऊन यायला लागलेला वेळ म्हणजे खोली. "इथं तीन सेकंद आहे," म्हणजे सव्वादोन किलोमीटर पाणी. ही सवय घरापर्यंत आली. पनवेल स्टेशनचं अंतर विचारलं तर मी मिनिटं सांगतो, हे ठीक आहे, पण विहीर किती खोल असं विचारल्यावर सेकंद सांगणारा नवरा आमच्या सुनंदालाच मिळाला.

सगळं वेळेवर चालत असल्यामुळे घड्याळ म्हणजे आमचं दैवत. तळावर महिनाभर एकटं राहिलेलं घड्याळ थोडं मागेपुढे होतंच. किती झालं हे गोळा वर आल्याबरोबर, तो चालू असतानाच, उपग्रहाच्या वेळेशी ताडून बघायचं. आधी वेळ, मग चहा. एका सफरीत आमच्या एका इंजिनिअरने गोळा डेकवर आला त्या आनंदात आधी बॅटरीच काढली. घड्याळ बंद. महिनाभराचं ऐकलेलं सगळं पोटात होतं, पण कुठला आवाज नेमका कधी आला हे सांगायला कोणी नव्हतं. शेवटी पाण्यातून सरळ आलेल्या आवाजांवरून उलटा हिशेब करत आम्ही ते घड्याळ कागदावर पुन्हा लावलं. त्या हिशेबात माझ्या डोळ्यांना चष्मा लागला. तेव्हापासून "आधी वेळ, मग चहा" हे मी घरीही म्हणतो आणि त्यावरून घरी माझी यथेच्छ टिंगल होते.

डेकवर माझा जोडीदार काशिनाथ म्हात्रे होता. मिठागरं राखणाऱ्या घरातला, पनवेलच्या खाडीकडचा. गोळ्याला वजन बांधणं आणि क्रेनने पाण्यात सोडणं हे त्याचं काम. पहिल्याच सफरीत मी वायरलेसवर म्हटलं, "चार नंबर टाकला." काशिनाथने दोरी हातात धरूनच मला थांबवलं.

"टाकला नाय बोलायचा, दादा."

"का रे?"

"टाकलेला परत येत नाय. आमच्यात बायकोला टाकतान, आनि नको झालेलं जालं टाकतान. ह्यो आपन ठेवलाय. ठेवला बोला. ठेवलेला घ्यायला आपन परत येनार हाय."

त्या दिवसापासून आमच्या जहाजावर गोळा कोणी टाकला नाही. बंगाली कुक आणि मल्याळी कॅप्टनसुद्धा मराठीत "ठेवला" म्हणायला शिकले.

आता त्या टेलिफोनकडे येतो. गोळा चुकून भलतीकडे वाहत गेला तर सापडणाऱ्याने कळवावं म्हणून त्याच्यावर पत्ता असावा लागतो. आमचं ऑफिस तेव्हा इमारत बदलत होतं आणि तिथला फोन दर महिन्याला वेगळा. मोबाइल होते, पण नंबर टिकत नव्हते. साहेब म्हणाले, "टिकेल असा कुठलाही नंबर घाला." टिकेल असा नंबर माझ्या ओळखीत एकच होता, आमच्या घरचा. पितळेच्या पट्ट्या घेऊन मी पनवेलच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्या माणसाकडे गेलो. त्याने यंत्र चालू करत विचारलं, "लग्न कोणाचं?"

"लग्न नाही. फोन नंबर घालायचाय."

"कोणाकडून भेट?"

"भेट नाही हो. समुद्रात ठेवायचंय."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि जास्त काही न विचारता कामाला लागला. मी संध्याकाळी पट्ट्या आणल्या आणि न बघता जहाजावर नेल्या. देवयानी मॅडमनी त्या पहिल्यांदा वाचल्या. मॅडम आमच्या सफरीच्या प्रमुख शास्त्रज्ञ. अंदमानच्या ज्वालामुखींखालच्या कवचाचा छेद, म्हणजे उभं कापलं तर दिसेल तो नकाशा, काढायचा, हा प्रश्न त्यांनी नोकरीच्या पहिल्या दिवसापासून उराशी धरला होता. त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि हसतच सुटल्या. त्या माणसाने आपल्या हाताच्या सवयीने नंबर मराठी आकड्यांत कोरला होता आणि पुढे, भांड्यावर घालतात तसं, "पनवेल" लिहिलं होतं.

"अहो, हा गोळा वाहत ब्रह्मदेशात गेला तर? समुद्राला मराठी कुठं येतं?"

मी टोप्यांवर रंगाने इंग्रजी आकडे लिहिले. पट्ट्या तशाच लावल्या. दुसऱ्या करायला वेळ नव्हता.

त्या सफरीत आम्ही पश्चिमेकडून पूर्वेकडे, बेटांची रांग ओलांडत, एका सरळ रेषेत गोळे ठेवले. अकरा नंबर बरोब्बर धूर सोडणाऱ्या बेटाच्या पायथ्याशी, तीन सेकंदांवर. मॅडमच्या छेदाचा तो मध्य होता. त्याच्याशिवाय बाकीचे म्हणजे दोन्ही तीरांवर पूल बांधून मधला खांबच नाही, अशी गत. मग तोफा सुरू झाल्या. ठरलेल्या वेळाने धप्प, पुन्हा धप्प. जेवताना, आंघोळ करताना, झोपेत. देवमासे दिसले की थांबायचं, ते लांब गेले की हळूहळू पुन्हा चालू करायचं. पहिल्या आठवड्यात माणूस वैतागतो. नंतर तो धप्प थांबला की छातीत धस्स होतं. माझ्या अस्वस्थपणाचं मूळ तिथं आहे असं सुनंदा म्हणते. मला तसं वाटत नाही. मूळ कुठं आहे ते पुढे येईल.

गोळे काढायला सुरुवात झाली. एक एक ओ देत होता आणि वर येत होता. अकरावर पोचलो, मी शीळ घातली. लगेच ओ आली. तार तोडायचा हुकूम दिला. तोही कळला म्हणून त्याने सांगितलं. आता अंतर कमी होत जायला हवं होतं. झालं नाही. पुन्हा विचारलं. ओ आली, अंतर तेच. सारखं विचारत राहिलो. तो दर वेळी शहाण्या मुलासारखा ओ देत होता आणि जागचा हलत नव्हता. काशिनाथ कठड्याशी उभा राहून पाण्याकडे बघत होता.

"जवाब देतय पन येत नाय," तो म्हणाला. "पाय अरकलाय त्याचा."

बहुधा तसंच होतं. ज्वालामुखीची राख तळावर चिखलासारखी साचलेली असते. तार तुटली तरी गोळ्याखालची लोखंडी चौकट वजनासकट त्यात रुतली असणार. काही न करता बसून राहणं मला सहन होईना. मी जहाज गोल फिरवायला लावलं, वेगवेगळ्या बाजूंनी शीळ घातली, एक तोफ जवळ नेऊन हादरा देऊन बघू या म्हणालो. कॅप्टनने तेही करू दिलं. दक्षिणेकडून वादळ चढत होतं आणि त्याला आणखी थांबणं शक्य नव्हतं. तो मला ओरडला नाही. मॅडमकडे गेला आणि म्हणाला, "तुम्ही सांगा."

मॅडमनी यंत्रावरचं अंतर पुन्हा एकदा वाचलं. मग म्हणाल्या, "निघा." केबिनकडे जाताना माझ्यापाशी थांबल्या. "तो येईल का हो कधी?"

"येईल. ठेवलाय तो," मी म्हटलं. "आणि आला की माझ्या घरी फोन येईल. फोन मी उचलेन."

जहाज वळलं. मी यंत्रापाशी होतो. अंतर वाढत गेलं, ओ बारीक होत गेली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत मी विचारत राहिलो आणि तो देत राहिला. हरवलेलं यंत्र मी पाहिलंय, फुटलेलंही पाहिलंय. ओ देणाऱ्याला सोडून आलो ते एकदाच. तो मुका झाला असता तर मला झोप लागली असती.

मॅडमनी छेद काढला. मध्ये, बेटाच्या बरोब्बर खाली, कोरी जागा सोडली. अंदाजाने रेघ ओढता आली असती, पुष्कळ लोक ओढतात. त्यांनी ओढली नाही. दर संक्रांतीला त्यांचा तिळगुळाचा मेसेज यायचा आणि खाली दोनच शब्द, "काही फोन?"

मी निवृत्त झालो आणि फोन घरातला तिसरा माणूस झाला. विमानतळाच्या आणि रस्त्यांच्या कामांत आमच्या भागात सारखी खोदाई चालू असायची आणि दर खोदाईत आमची केबल तुटायची. केबल तुटली की मला घर खायला उठायचं. मी टेलिफोन ऑफिसात जाऊन बसायचो. तिथला कर्मचारी म्हणायचा, "काका, मोबाइल आहे ना? कोणाचा फोन यायचाय एवढा?" काय सांगणार? "समुद्राच्या तळाचा," म्हटलं असतं तर त्याने मला पाणी आणून दिलं असतं. शेवटी नवीन जोडणी घेतली, पण नंबर तोच राहील असं तीन वेळा बजावून.

मुलगी मुग्धा पुण्यात असते. तिचं म्हणणं, हा फ्लॅट विका नाहीतर भाड्याने द्या आणि इकडे या. तळोज्याच्या कारखान्यांकडून वास येतो, आईचा खोकला जात नाही. सुनंदाची जायची तयारी होती. तिने पडद्यांचे रंगसुद्धा ठरवले होते. मी प्रत्येक वेळी काही ना काही काढायचो, सोसायटीची कामं, डॉक्टर ओळखीचे, पुण्याचं पाणी. एकदा ती सरळच म्हणाली, "त्या फोनमुळे ना?"

मी म्हटलं, "तो नंबर पनवेलचा आहे. पुण्याला नेता येत नाही."

"तो बुडून गेला हो. एवढी वर्षं झाली."

"बुडाला नाही. तो ओ देत होता, सुनंदा."

ती भाजी निवडत होती. हात थांबवून म्हणाली, "मीही इथंच होते. तुम्ही सहासहा महिने पाण्यावर असताना मुग्धाचे ताप मी एकटीने काढले. त्या गोळ्याच्या ओसाठी तुम्ही तुटता. माझ्या हाकेला कधी एवढी ओ दिलीत?"

 मी चप्पल घालून बाहेर पडलो आणि वडाळे तलावाला फेऱ्या मारत राहिलो. परत आलो तेव्हा तिने ताट वाढून ठेवलं होतं. त्यानंतर पुण्याचा विषय तिने काढला नाही, हे मला जास्त लागलं.

या वर्षी गणपतीच्या आधी मी बाजारात गेलो होतो. फळवाल्याशी हुज्जत चालू असताना मोबाइल वाजला. सुनंदा. घरी या, एवढंच म्हणाली. रिक्षात मी किती वेळा जागा बदलली, ते त्या रिक्षावाल्यालाच विचारा.

ती फोनशेजारी स्टूल घेऊन बसली होती. पदर खोचलेला. "अहो, आला."

अंदमानच्या एका गावातल्या शाळेतल्या बाईंचा फोन होता. त्यांच्या शेजारच्या कोळ्याला किनाऱ्यावर पिवळी टोपी घातलेली काहीतरी वस्तू सापडली. रुतलेलं लोखंड इतक्या वर्षांत गंजून सुटलं असणार. टोपीवरचा रंग कधीच धुऊन गेला होता, इंग्रजी आकड्यांचा मागमूस नव्हता. पितळी पट्टी मात्र शाबूत. शाळेत हिंदी शिकवणाऱ्या बाईंना ते आकडे वाचता आले. त्यांनी विचारलं, "पनवेल में कौन बोल रहा है?"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी आधी ओरडलेच. म्हटलं, खोलना मत! बॅटरी निकालना मत! पहले टाइम बताव, मेरे मिस्टर गुस्सा करेंगे! त्या बिचाऱ्या घाबरल्या. म्हणाल्या, मॅडम, साडेदस बजे हैं." ती थांबली. "बरोबर केलं ना? आधी वेळ, मग चहा?"

त्या गोळ्यातलं घड्याळ बॅटरीबरोबर केव्हाच थांबलं होतं. साडेदहाचा काडीचाही उपयोग नव्हता. मला हसू आलं आणि त्यातच रडू आलं, आणि दोन्ही आवरेना. इतकी वर्षं जी माझ्या या बोलण्याची टिंगल करत आली, तिने एकूण एक ऐकलं होतं. मी म्हटलं, "एकदम बरोबर केलंस."

"तीन सेकंद खोल ना तो?" ती डोळे पुसत म्हणाली. "मग यायला एवढी वर्षं?"

मॅडमना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, "घड्याळ?" मी म्हटलं, बंद आहे, पण पाण्यातून सरळ आलेला आवाज आहेच की, उलटा हिशेब करू.  मग त्या म्हणाल्या, "तुमचे डोळे चालतील का त्याला?" मी म्हटलं, चष्मा वाढवून घेतो.

गोळा ऑफिसात आणला तेव्हा मॅडम आणि मी दोघंही निवृत्त, पाहुण्यासारखे बाजूला उभे. आत थेंबभर पाणी नव्हतं. नव्या माणसांनी आतलं मेमरी कार्ड काढून लावलं आणि पडद्यावर आमच्या तोफांचा पहिला धप्प उमटला, मग दुसरा, मग तिसरा. पाऽर शेवटपर्यंत त्याने ऐकलं होतं. मॅडमच्या कोऱ्या जागेत आता काय येतं ते त्या लिहितील, मला तेवढी अक्कल नाही. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, एवढं मला आठवतं.

काशिनाथला सांगायला त्याच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून त्याने मान डोलावली. "ठेवला व्हता ना दादा. मंग?"

घरी येऊन मी सुनंदाला म्हटलं, "चल, पुण्याला जाऊ. मुग्धाला कळव. हा फोन आता काढून टाकतो."

ती पडद्यांचं काही बोलेल असं मला वाटलं. ती फडकं घेऊन फोन पुसत होती. "जाऊ की, दिवाळी झाल्यावर. पण फोन टाकायचा कशाला? मुग्धाची मैत्रीण भाड्याने येतेय म्हणाली ना इथं, तिला सांगू, ठेव म्हणून, आणि निरोप आम्हाला कळव म्हणून. त्या अंदमानच्या बाई रविवारी करतात मला. त्यांच्या मुलीचं लग्न ठरतंय."

तेवढ्यात फोन वाजला. सवयीने मी ताडकन उठलो.

"तुम्ही बसा," सुनंदा म्हणाली. "माझा असेल."